जुन्या छोट्या गाडीचा टायर पुन्हा पुन्हा घासतो: चाकाचे माप नेमके कुठे चुकते?

मूळ तेरा इंची चाकांवर धावलेल्या जुन्या छोट्या गाडीला चौदा किंवा पंधरा इंची चाके बसवली की एक तक्रार हमखास उभी राहते. पहिले काही दिवस सारे सुरळीत असते. मग कधी पूर्ण वळण घेताना, कधी मागच्या बाकावर तीन माणसे बसल्यावर, तर कधी गतिरोधकावरून उतरताना चाकाजवळून टायर घासल्याचा आवाज येऊ लागतो. उपाय म्हणून कोणी मडगार्डची कड आत वळवून घेतो, कोणी रिमच्या मागे स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) घालतो, कोणी टायरच एक माप लहान करतो. आवाज थांबतो आणि काही महिन्यांनी परत येतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच जागी. याच्याच जोडीने स्टिअरिंगमध्ये एक थरथर येते, जी कितीही वेळा बॅलन्सिंग करून घेतले तरी पूर्ण जात नाही. तेरा इंची टायरांचे पर्याय कमी होत गेल्यामुळे माप बदलणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही, म्हणून या दोन्ही दुखण्यांचा मुळापासून विचार करणे भाग आहे.

घासणाऱ्या टायरबद्दल पहिला संशय त्याच्या उंचीवर जातो. प्रत्यक्षात जोडीचे माप नीट निवडले तर चाकाची उंची जेमतेम एक-दोन मिलिमीटरने बदलते. बदलते ती चाकाची आडवी जागा, म्हणजे ते हबपासून (चाक ज्यावर आवळले जाते त्या भागापासून) किती आत आणि किती बाहेर उभे आहे ही गोष्ट. शिवाय गाडी जुनी असल्याने तिच्या स्प्रिंग बसलेल्या आणि सांध्यांतले रबरी बुश झिजलेले असतात, त्यामुळे आज मोकळी दिसणारी जागा पुढेही मोकळी राहील याची खात्री नसते. या दोन कारणांची सरमिसळ होते, उपाय एका कारणावर केला जातो आणि दुसरे तसेच राहते.

आधी खूण वाचावी

नवीन काही विकत घेण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर उभी करून, हँडब्रेक लावून, चाकाला अडसर ठेवून जॅकवर घ्यावी, आणि ती जॅकखेरीज वेगळ्या आधारावर पक्की टेकवल्यावरच चाक काढून टायर व मडगार्डचा आतला भाग टॉर्चच्या उजेडात पाहावा. रबर जिथे घासते तिथे ते काळे आणि गुळगुळीत चमकते, आणि समोरच्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकच्या लायनरवर रबराची काळी भुकटी बसलेली असते. या खुणेची जागा बरेच काही सांगते.

टायरच्या बाहेरच्या खांद्यावर धारदार, बारीक रेघ कापलेली दिसली तर तो मडगार्डच्या कडेला लागतो आहे. हे खड्ड्यात, गतिरोधकावर किंवा भरलेल्या गाडीत घडते आणि चाक प्रमाणापेक्षा बाहेर आले आहे किंवा स्प्रिंग खाली बसली आहे असा त्याचा अर्थ. आतल्या साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) सलग गोल पट्टा चमकत असेल तर टायर शॉक अब्सॉर्बरच्या नळीला किंवा स्प्रिंगच्या वाटीला घासतो आहे. हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे, कारण साइडवॉलचे रबर पातळ असते, घासणे जवळपास अखंड चालू राहते आणि आतले धागे उघडे पडेपर्यंत चालकाला फारसा आवाजही येत नाही. अशी खूण असलेला टायर वापरात ठेवू नये. पूर्ण वळणावर फक्त खांद्याचे कोपरे लायनरला लागत असतील तर ती तक्रार त्रासदायक असली तरी तातडीची नसते. आणि खूण डावीकडे आहे पण उजवीकडे नाही, असे असेल तर चाकाच्या मापाला दोष देण्याचे कारणच उरत नाही. त्याकडे शेवटी येऊ.

जिथे जागा डोळ्यांना दिसते पण मोजता येत नाही, तिथे मॉडेलिंग क्लेचा उपयोग होतो. त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून शॉक अब्सॉर्बरच्या नळीवर, स्प्रिंगच्या वाटीखाली आणि मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवाव्यात, चाक बसवून गाडी खाली घ्यावी, मागे माणसे बसवून दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवत अगदी हळू चालवावी आणि मग गोळ्या काढून त्यांची जाडी मोजावी. चेपलेल्या गोळीची उरलेली जाडी म्हणजे तिथली खरी मोकळी जागा. आतल्या बाजूला, जिथे चाक आणि शॉक अब्सॉर्बर एकत्रच वरखाली होतात, तिथे पाच मिमी जागा मी पुरेशी मानतो. मडगार्डच्या कडेला मात्र दहा मिमीही मला कमी वाटतात, कारण तिथे सस्पेन्शनची पूर्ण हालचाल सामावायची असते आणि हळू चालवताना ती पूर्ण होत नाही.

उंचीचा हिशेब सोपा आहे

टायरचा बाहेरचा व्यास काढण्यासाठी रिमचा व्यास इंचांत घेऊन त्याला २५.४ ने गुणावे आणि त्यात साइडवॉलच्या उंचीची दुप्पट मिळवावी. साइडवॉलची उंची म्हणजे टायरच्या रुंदीचा दिलेला टक्का. १७५/७० आर १३ (रुंदी १७५ मिमी, साइडवॉल तिच्या ७० टक्के, रिम १३ इंची) या जुन्या छोट्या गाड्यांच्या परिचित मापाचा व्यास ५७५.२ मिमी येतो. १८५/६० आर १४ चा व्यास ५७७.६ मिमी, १९५/५० आर १५ चा ५७६ मिमी आणि १७५/६५ आर १४ चा ५८३.१ मिमी येतो. पहिल्या दोहोंत फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आहे आणि तिसऱ्यात सुमारे १.४ टक्के. याउलट १८५/६५ आर १४ हे माप सहज मिळते म्हणून घेतले, तर व्यास ५९६.१ मिमी होतो, म्हणजे चाक प्रत्येक बाजूला दहा मिमीहून अधिक वाढते. आणि १९५/६० आर १५ घेतले तर व्यास ६१५ मिमी, म्हणजे त्रिज्या जवळजवळ वीस मिमी जास्त. अशा मापाने घासले तर नवल नाही, आणि त्यावर मडगार्ड ठोकत बसण्यातही अर्थ नाही.

व्यास वाढला की स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवायचा झाला तरी खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किमी एवढ्याच मर्यादेत. या नियमाप्रमाणे बनलेल्या गाड्यांचे मीटर म्हणून मुळातच थोडे पुढे असतात, आणि दीड-दोन टक्क्यांची वाढ त्यात बहुधा सामावून जाते. सात टक्क्यांची वाढ सामावत नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी प्रणाली) असलेल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या टायरांचा व्यास वेगळा ठेवू नये, कारण ती प्रणाली चारही चाकांच्या फिरण्याची एकमेकांशी तुलना करते.

घासणे थांबवण्यासाठी टायर बारीक करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, म्हणून भारांकाबद्दल दोन वाक्ये आवश्यक आहेत. टायरवर मापानंतर येणारा आकडा, उदाहरणार्थ ८२ टी यातला ८२, म्हणजे एका टायरला ४७५ किलो भार आणि टी म्हणजे ताशी १९० किमी वेग. १८५/६० आर १४ आणि १९५/५० आर १५ हे दोन्ही टायर सामान्यतः ८२ भारांकातच मिळतात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. पण १६५/६० आर १४ हा टायर सहसा ७५ भारांकाचा, म्हणजे ३८७ किलोंचा असतो; एका टायरमागे ८८ किलो गमावून घासण्याचा आवाज बंद केला, असा तो व्यवहार होतो. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे कारखान्याने लावलेल्या पट्टीवरील भारांकाच्या आणि वेगचिन्हाच्या खाली कधीही जाऊ नये.

खरी गोम ऑफसेटमध्ये

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक उभी रेषा कल्पिली, तर हबला टेकणारा रिमचा सपाट भाग त्या रेषेपासून किती बाहेरच्या बाजूला आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. आकडा लहान झाला की चाक बाहेर सरकते, मोठा झाला की आत जाते. रिम रुंद झाली की ती दोन्हीकडे वाढते. हे दोन बदल एकाच वेळी झाल्यावर काय होते, ते डोक्यात मांडता येत नाही. कागदावर मांडावे लागते.

समजा मूळ रिम ५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. तिच्यावर १७५ चा टायर फुगवल्यावर प्रत्यक्ष सुमारे १७७ मिमी रुंद होतो. त्याची अर्धी रुंदी ८८.५, त्यातून ४५ वजा केले की टायरची बाहेरची कड हबच्या टेकण्याच्या पृष्ठभागापासून ४३.५ मिमी बाहेर येते, आणि ४५ मिळवले की आतली कड १३३.५ मिमी आत जाते. आता दुकानात दिसायला छान म्हणून निवडलेली ६.५ इंच रुंद, ईटी ३५ ची पंधरा इंची रिम घेऊ. तिच्यावर १९५ चा टायर सुमारे २०६ मिमी रुंद बसतो. अर्धे १०३, बाहेरची कड ६८ मिमी, आतली कड १३८ मिमी. म्हणजे टायर मूळ जागेपेक्षा साडेचोवीस मिमी बाहेर आला आणि साडेचार मिमी आतही गेला. व्यासातला फरक एक मिमीचाही नाही आणि बाजूचा फरक एका बोटाच्या रुंदीहून जास्त आहे. मडगार्डची कड कापते आहे म्हणून ‘पंधरा इंची चाक या गाडीला बसतच नाही’ असा निष्कर्ष काढणारे बहुधा याच रिमबद्दल बोलत असतात.

तोच १९५/५० आर १५ टायर ६ इंच रुंद, ईटी ४० च्या रिमवर चढवला, तर तो सुमारे २०१ मिमी रुंद होतो. बाहेरची कड ६०.५ आणि आतली १४०.५, म्हणजे सतरा मिमी बाहेर आणि सात मिमी आत. बऱ्याच गाड्यांत एवढे सामावते, पण आतले सात मिमी क्लेच्या गोळ्यांनी तपासल्याशिवाय मान्य करू नयेत. आणि १८५/६० आर १४ हा टायर ५.५ इंच रुंद, ईटी ४३ च्या रिमवर घेतला, तर टायरची रुंदी सुमारे १८९ मिमी येते आणि तो आठ मिमी बाहेर व चार मिमी आत एवढाच हलतो. हा तिसरा पर्याय छायाचित्रात फारसा उठून दिसत नाही, पण जुन्या छोट्या गाडीसाठी माझी पसंती त्यालाच आहे.

टायर पूर्ण वळणावर लायनरला लागतो तेव्हाही दोष सहसा ऑफसेटचाच असतो, हे पटकन ध्यानात येत नाही. पुढचे चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. ते स्टिअरिंगच्या एका तिरक्या अक्षाभोवती वळते. चाक त्या अक्षापासून जितके बाहेर, तितका त्याचा झोका मोठा, आणि वळताना ते तितकेच पुढच्या बंपरच्या किंवा मागच्या पायदानाच्या दिशेने जास्त सरकते. म्हणून ईटी ४५ च्या जागी ईटी ३५ घेतल्यावर, टायर तेवढाच उंच असूनही, लायनर घासू लागतो.

या अक्षाशी निगडित आणखी एक बाब आहे, जी घासण्यापेक्षा महत्त्वाची आहे. स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो रस्त्याला ज्या बिंदूत भेटतो आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य जिथे टेकतो, त्यांच्यातल्या अंतराला स्क्रब त्रिज्या म्हणतात. १९७२ च्या ऑडी ८० पासून अनेक पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत हे अंतर हेतुपुरस्सर ऋण ठेवले जाऊ लागले, म्हणजे अक्ष टायरच्या मध्याच्या बाहेर पडतो. त्या गाड्यांचे ब्रेक तिरक्या जोडीने, एक पुढचे आणि त्याच्या समोरच्या बाजूचे एक मागचे चाक असे, दोन वाहिन्यांत विभागलेले असतात. एक वाहिनी निकामी झाली किंवा एका बाजूचे चाक निसरड्यावर असले, तरी ऋण स्क्रब त्रिज्येमुळे स्टिअरिंग आपोआप सरळ धरले जाते. ऑफसेट दहा मिमीने कमी केला की टायरचा मध्य दहा मिमी बाहेर जातो आणि ही व्यवस्था तेवढी बिघडते. ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखे वाटणे, रस्त्यावरच्या चाकोरीत गाडी स्वतःहून खेचली जाणे आणि व्हील बेअरिंग लवकर वाजू लागणे, या तक्रारी इथून सुरू होतात. माझ्या मते ऑफसेटमधला बदल पाच मिमीच्या आसपास ठेवावा आणि दहाच्या पलीकडे कधी जाऊ नये.

स्पेसरचे गणितही यातच येते. पाच मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट पाचाने कमी. आतली घासण थांबते, आणि पुढच्या पावसाळी खड्ड्यात बाहेरची सुरू होते. शिवाय साधा स्पेसर घातल्यावर स्टडचे पाच मिमी आटे कमी धरले जातात आणि रिमला मध्यात ठेवणारा हबचा छोटा कठडा झाकला जातो. नटाचे आटे स्टडच्या व्यासाएवढ्या लांबीवर तरी पकडले गेलेच पाहिजेत. बारा मिमीच्या स्टडवर बारा मिमी. तेवढे पकडले जात नसतील तर लांब स्टड लावावेत, नाहीतर स्पेसरचा विचार सोडावा.

एकच माप, दोन टायर

एखाद्या गाडीत तेच माप दोन वर्षे बिनतक्रार चालते आणि टायर झिजल्यावर त्याच मापाचे दुसऱ्या कंपनीचे टायर घेताच घासणे सुरू होते. साइडवॉलवर कोरलेले १९५ हे नाममात्र माप असते. प्रत्यक्ष रुंदीत कंपनीगणिक काही मिलिमीटरांचा फरक असतो, आणि खांद्याचा आकार कुठे गोल तर कुठे जवळजवळ चौकोनी असतो. झिजलेल्या टायरच्या खांद्याचे रबरही कमी झालेले असते, त्यामुळे नवा टायर सगळीकडून थोडा मोठा येतो. जागा मोजून ठेवताना ही तफावत गृहीत धरावी. रिमची रुंदीही टायरला मानवणारी हवी: १८५/६० आर १४ साठी ५ ते ६.५ इंच आणि १९५/५० आर १५ साठी ५.५ ते ७ इंच हा परिचित पल्ला आहे, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर सुमारे पाच मिमीने रुंदावतो.

दुसरे कारण स्प्रिंग. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर चारही चाकांवर मोजावे. ही मोजणी चाकाच्या आणि टायरच्या मापावर अवलंबून नसते, त्यामुळे मूळ चाके असतानाचा आकडा आणि आताचा आकडा यांची थेट तुलना करता येते. एकाच धुरीवर डावी-उजवीत दहा-पंधरा मिमीपेक्षा जास्त फरक असला, किंवा दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा गाडी बरीच खाली असली, तर स्प्रिंग बदलल्याशिवाय मडगार्डला हात लावू नये. बसलेल्या स्प्रिंगवर मडगार्डची कड वळवली तर रंगाला बारीक भेगा जातात, त्यात पाणी शिरते, जुन्या पत्र्याला गंज धरतो आणि स्प्रिंग आणखी बसल्यावर टायर आता वळवलेल्या कडेलाही लागतो. स्प्रिंगची कडी कापून गाडी खाली करण्याचा प्रकार तर मोठ्या चाकांसोबत अजिबात करू नये.

लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश फाटला की ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना चाक पुढे-मागे सरकते. घासण्याचा आवाज फक्त वळणावर ब्रेक लावताना किंवा फक्त पूर्ण स्टिअरिंगने मागे जाताना येत असेल, तर पहार घालून हा बुश हलवून पाहावा.

बॅलन्सिंग केले तरी जाणारी नाही अशी थरथर

बॅलन्सिंगचे यंत्र शून्य दाखवते आणि गाडी ताशी ८० ते १०० किमीला थरथरतेच, तेव्हा यंत्र खोटे बोलत नसते. त्या यंत्रावर रिम तिच्या मधल्या भोकात शंकू घालून पकडली जाते, त्यामुळे ती भोकाच्या मध्याशी जुळते. गाडीवर मात्र भोक हबपेक्षा मोठे असले तर रिम मधल्या कठड्यावर न टेकता केवळ नटांच्या भरवशावर लटकते आणि अर्धा-एक मिमी बाजूला बसते. यंत्रावरचा मध्य आणि गाडीवरचा मध्य वेगळे झाले, की शून्य बॅलन्स निरुपयोगी ठरतो.

मधल्या भोकाची मापे गाडीगणिक वेगळी आहेत: टोयोटा आणि सुझुकीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ५४.१ मिमी, होंडात ५६.१, फोक्सवागनमध्ये ५७.१, फियाटमध्ये ५८.१, रेनोत ६०.१. बाजारातल्या सर्वसाधारण अलॉय रिमचे भोक मात्र सगळ्यांना चालावे म्हणून ६७.१ किंवा ७३.१ मिमीचे केलेले असते, आणि मधली पोकळी भरण्यासाठी हब रिंग घालायची असते. रिम जुनी घेतली असेल तर ही रिंग बहुधा आधीच्या मालकाच्या गाडीवर चिकटून राहिलेली असते. हबचा कठडा आणि रिमचे भोक दोन्ही कॅलिपरने मोजून रिंग घ्यावी. ती हाताने दाबून बसली पाहिजे आणि बसल्यावर खडखडता कामा नये.

रिंग बसवण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा. जुन्या गाडीत तिथे गंजाची खपली असते. ती एका कडेला अर्धा मिमी जाड असली तरी रिमच्या घेराशी चाक चांगलेच लटपटते.

बोल्टांच्या वर्तुळाचा, म्हणजे पीसीडीचा, घोळ याहून गंभीर आहे. चार बोल्टांच्या रिममध्ये समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर म्हणजे पीसीडी; मोजताना एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजले की तेच अंतर मिळते. ४ × ९८ आणि ४ × १०० या मापांत प्रत्येक भोकाचा फरक एक मिमीचाच असतो, त्यामुळे चुकीची रिम चढते, चारही नट आवळलेही जातात. पण ते तिरके बसतात, स्टडवर सतत वाकवणारा ताण राहतो आणि काही दिवसांत नट सैल होऊ लागतात. जुन्या जपानी गाड्यांतील ४ × ११४.३ किंवा काही युरोपीय गाड्यांतील ४ × १०८ निदान चढतच नाहीत, हे त्या मानाने बरे.

नटाच्या बैठकीकडे, म्हणजे नट रिमवर टेकतो त्या जागेच्या आकाराकडे, सर्वांत कमी लक्ष दिले जाते. होंडाच्या मूळ रिमची बैठक गोलाकार असते, फोक्सवागनच्या बोल्टांचीही. बाहेरच्या बहुतेक अलॉय रिमना ६० अंशांचा शंकू लागतो. टोयोटाच्या काही मूळ अलॉयना सपाट वॉशरचे, लांब मानेचे नट लागतात. शंका असेल तर नटाच्या टेकणाऱ्या भागावर मार्कर पेनने शाई लावून नट आवळावा आणि काढून पाहावा. रुंद पट्ट्यात शाई उडाली असेल तर बैठक जुळली. केसाएवढी बारीक रेघ उमटली असेल तर नट फक्त धारेवर टेकला आहे आणि तो सुटणारच. आटेही तपासावेत, कारण सुझुकी आणि निसानमध्ये एम १२ × १.२५ (जाडी १२ मिमी, आट्यांतले अंतर १.२५ मिमी) आणि होंडा-टोयोटात एम १२ × १.५ असतात. स्टेपनी जर मूळ लोखंडी रिमची असेल, तर तिच्यासाठी लागणारे मूळ नट डिकीत ठेवावेत, कारण नवे नट तिला चालतीलच असे नाही.

नट समोरासमोरच्या क्रमाने, चाक हवेत असताना हाताने पूर्ण बसवावेत, मग गाडी टेकवून टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावेत. बारा मिमीच्या स्टडसाठी तो आकडा बहुधा ९० ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. पन्नास ते शंभर किमी चालवल्यावर पुन्हा तपासावेत. इतके करूनही थरथर राहिली, तर रिम वाकलेली असू शकते: हवेत फिरणाऱ्या चाकाच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरून अंतर पाहावे, आणि ते एक मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर रिम बाजूला ठेवावी. जुन्या रिमसोबत आलेल्या टायरचा चार आकडी कोडही वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसतात म्हणून दहा-बारा वर्षांचा टायर नव्या रिमवर ठेवण्यात काहीच कमाई नाही.

आणखी एक गोष्ट, माप ठरवण्यापूर्वी: १७५/७० आर १३ ची साइडवॉल १२२.५ मिमी उंच असते, १८५/६० आर १४ ची १११ आणि १९५/५० आर १५ ची ९७.५. रस्ते खराब असतील तर हे पंचवीस मिमी रिम वाकण्या-न वाकण्यातला फरक ठरतात.

खूण एकाच बाजूला असेल तर

दोन्ही बाजूंना एकच रिम, एकच टायर आणि एकच हवा असताना एकच बाजू घासते, तेव्हा पुढच्या व मागच्या हबच्या मध्यांतले अंतर स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना मोजावे. ते वेगळे आले तर जुना अपघात, सरकलेली सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) किंवा वाकलेला लोअर आर्म यांचा संशय घ्यावा. (अपवाद आहेत: रेनो ४ आणि रेनो ५ यांच्या मागच्या आडव्या टॉर्शन बार एकामागे एक बसवलेल्या असल्याने त्यांच्या दोन बाजूंचा व्हीलबेस मुळातच वेगळा असतो.) अंतर सारखे आले आणि घासणे फक्त एका दिशेच्या पूर्ण वळणावर असेल, तर दोन्ही टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्यांच्या) टोकांशी उघडे दिसणारे आटे मोजावेत. अलाइनमेंट करताना एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून टो (चाकांचा आत-बाहेर रोख) जुळवला आणि मग स्टिअरिंगचे चक्र काढून सरळ बसवले, की रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे ढकलणारी स्टिअरिंगची दांडी) मध्यातून सरकते. चाके सरळ दिसतात, पण एका दिशेला ती कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वळतात आणि तिथेच लायनरला लागतात. यावर उपाय म्हणजे रॅक मध्यावर आणून दोन्ही टाय रॉड सारख्या लांबीचे करून अलाइनमेंट नव्याने करून घेणे. रिम, टायर, मडगार्ड यांतले काहीही बदलावे लागत नाही.